शेक चालू आहेत, वजन उतरतंय आणि घरात सगळे 'हलकं' खायला घालतायत

सायली_पुणे
सोमवार, रात्री ११.४०

मंडळी, झोप येत नाही म्हणून लिहायला बसले आहे. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

बाबांना (वय ६४) गालाचा कॅन्सर निघाला. तीस-पस्तीस वर्षांची तंबाखू आणि चुना. तो विषय आता घरात कुणी काढत नाही. मे महिन्यात ऑपरेशन झालं, जबड्याचा तुकडा काढला, मांडीचं मांस लावून गाल बांधला. आता शेक (रेडिएशन) चालू आहेत. तीसपैकी एकोणीस झाले, आणि जोडीला दर आठवड्याला एक केमो. आजाराच्या बाजूने डॉक्टर समाधानी आहेत. माझं दुखणं वेगळं आहे.

परवा आईला कढीपत्त्याच्या कुंडीभोवती मुंग्यांची रांग दिसली. वाकून पाहिलं तर मातीत नाचणीची खीर. थरावर थर, खालचे वाळून खपली धरलेले. गेले कित्येक दिवस बाबा आम्ही दिलेली वाटी घेऊन गॅलरीत जाऊन बसत होते. "वारा लागला की बरं वाटतं," म्हणायचे आणि दहा मिनिटांनी रिकामी वाटी मोरीत ठेवायचे. आम्ही खूश. विचारलं तेव्हा चिडले नाहीत. तोंड जेमतेम उघडतं, त्यातून म्हणाले, "काच गिळल्यासारखं होतं गं. तुम्ही एवढं करता, नको कसं म्हणू?"

त्या दिवशी पलंगाखालचा वजनकाटा बाहेर काढला. ५३.५ किलो. आजार कळला तेव्हा ६४ होतं, शेक सुरू झाले तेव्हा ५९. मग फाइल उघडली. प्रत्येक केमोच्या कागदावर वजनाच्या रकान्यात ५९, ५९, ५९. पहिल्या दिवशीचा आकडा पुढच्या पुढे उतरवत गेलेत. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, उपचार तिथेच पुरे करायचेत. आणि मी तरी कुठे केलं होतं वजन? रक्ताचे रिपोर्ट, बिलं, रिक्षाचे पैसे, सगळं वहीत आहे माझ्या. हे एवढंच नाही.

सध्या दिवसभरात पोटात जातं ते असं: भाताची पेज दोन वाट्या, वरणाचं वरचं पाणी दोन वाट्या, एक शहाळं, कपभर दूध, मोसंबीचा रस (तो आता झोंबतो), आणि खीर अर्धी वाटी, जी बहुधा कढीपत्ता खात होता. आईचं म्हणणं, आजारी माणसाला हलकंच द्यावं. त्यात आषाढीला बाबांनी उपास धरला. "एवढ्या वर्षांत मोडला नाही, आता मोडू?" साबुदाण्याची पेज घेतली दोनदा, दिवस संपला.

डॉक्टर नाकातून नळी घालू म्हणतात. बाबा ऐकत नाहीत. माझ्या थोरल्या काकांना नळी घातली आणि चौथ्या दिवशी ते गेले, तेव्हापासून घरात नळी म्हणजे शेवट. काकांना पक्षाघात झाला होता, हे सांगून उपयोग नाही.

ज्यांनी यातून कुणाला बाहेर काढलंय त्यांनी सांगा, काय घालायचं आणि कसं? उरलेले अकरा शेक व्हायचेत.

---

ममता१९७२
सायली, वाचून गलबलून आलं. कुंडीचं वाचून तर... आमच्याकडे मांजर होतं. ते सहा आठवड्यांत गुबगुबीत झालं होतं.

एक घरगुती सांगते. गरम जेवणाला वास जास्त येतो आणि फोडणीच्या वासानेच केमोवाल्या माणसाला उमळतं. स्वयंपाक ते दुसऱ्या खोलीत असताना उरका. गार खायला द्या. श्रीखंड पातळ करून, दहीभात मिक्सरमधून काढून, आईस्क्रीम. घशालाही बरं वाटतं.

---

खवय्या_नाशिक
+१. फक्त एक दुरुस्ती. गार सगळ्यांना चालत नाही. माझ्या भावाला आतड्याच्या कॅन्सरला ऑक्झॅलिप्लॅटिन होतं. त्या औषधावर गार पाण्याचा घोट घेतला तरी घसा आवळल्यासारखा होतो, फ्रिजमधली बाटली हातात धरली की बोटांत सुया टोचतात. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, वहिनीने कौतुकाने कुल्फी दिली आणि तो घाबरून ओरडायलाच लागला. कुठलं औषध चालू आहे ते पाहून मग गार-गरम ठरवा.

---

आहारवाली
महापालिकेच्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. थोडं स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

आधी हिशोब. तुम्ही दिलेल्या यादीत दिवसाला सव्वापाचशे-साडेपाचशे कॅलरी आणि बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं होतात, तीही खीर पोटात गेली असं धरून. कॅन्सरच्या रुग्णाला किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि एक ग्रॅमच्या वर, शक्यतो दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं लागतात. ५३.५ किलोला म्हणजे साधारण सोळाशे कॅलरी आणि ६५ ते ८० ग्रॅम प्रथिनं. बाबांना गरजेच्या तिसरा हिस्सा अन्न मिळतंय, आणि प्रथिनं सहावा हिस्सा. मग शरीर मांड्या आणि दंड खात सुटतं. चार आठवड्यांत साडेपाच किलो, म्हणजे नऊ टक्के गेले. हे "अशक्तपणा येतोच" म्हणून सोडून द्यायचं प्रकरण नाही.

वरणाचं वरचं पाणी. नोकरीत सर्वांत जास्त वेळा भांडले असेन ती या पाण्यावरून. डाळीतलं जे हवं ते तळाशी बसतं आणि आजाऱ्याला आपण मायेने वरचं देतो. पेजेतही मूठभर तांदूळ आणि बाकी पाणी. शहाळं म्हणजे तहानेची सोय. साबुदाण्यात पिष्ट सोडलं तर काही नाही. पोट भरतं, माणूस उपाशी राहतो. आईंना दोष देऊ नका, तापात दोन दिवस हेच योग्य असतं. सहा-सात आठवड्यांच्या शेकात नाही.

आता तोंड. आधी दुखणं थांबवा, मग वाटी पुढे करा. घसा सोलवटलेला असताना जबरदस्ती केली की तो माणूस कुंडी शोधणारच. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "गिळताना दुखतं, जेवणाआधीचं वेदनाशामक द्या." बधिर करणारं पातळ औषध मिळतं, ते घेऊन थोड्या वेळाने खायला द्यायचं. एवढ्याने भागलं नाही तर मॉर्फिनसुद्धा देतात, त्याला घाबरू नका. लिटरभर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून ठेवा, दर दोन-तीन तासांनी त्याने चूळ. मोसंबी, टोमॅटो, ताक बंद.

आणि आणखी एक विचारायचं. शेक देताना तोंडावर जाळीचा मुखवटा बसवतात ना? वजन उतरलं की तो ढिला होतो. ढिला झाला असेल तर शेकाचं मोजमाप पुन्हा घ्यावं लागू शकतं. उद्याच टेक्निशियनला विचारा. केमोच्या कागदावरचं वजनही दुरुस्त करून घ्या, डोस त्याच्यावर काढतात.

पेयाचं सांगते. पावशेर (२५० मिली) दूध, त्यात दोन मोठे चमचे दूध पावडर, दोन छोटे चमचे साखर, दोन छोटे चमचे तेल. हो, तेल. चवीला कळत नाही, नीट घुसळलं तर वरही येत नाही. एका पेल्यात सव्वातीनशेच्या वर कॅलरी, चौदा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. असे चार पेले दिवसात थोडे थोडे गेले तर निम्म्याहून जास्त काम झालं. वर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग मिक्सरमध्ये फिरवून, आणि वरण तळापासून ढवळून, गाळून. डब्यातल्या महागड्या पावडरी वाईट नसतात, दूध पचत नसेल तर त्याच घ्या. पण खिशाला झेपत नसेल तर रडू नका.

आता नाचणी. बाजारात 'सत्त्व' म्हणून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक, भिजवून वाटून फडक्यातून गाळून वाळवलेलं पांढरं. ते जवळजवळ नुसतं पिष्ट. दुसरं, मोड आणून वाळवून, हलकं भाजून दळलेलं पीठ. तुम्हाला दुसरं हवं. मोड येताना धान्यात एक पाचक रस तयार होतो, तो पिठाची चिकट साखळी तोडतो. करून बघा. रव्याची किंवा तांदळाच्या पिठाची घट्ट लापशी शिजवा, चमचा उभा राहील अशी. खाली उतरवा. चांगली गरम असताना, पण उकळत नसताना, एक चमचा मोडाचं पीठ घालून ढवळत राहा. दोन-चार मिनिटांत लापशी पाण्यासारखी पळू लागते. मग पुन्हा एक उकळी द्या. एरवी पातळ करायला पाणी घालावं लागतं आणि वाटीतलं अन्न निम्मं होतं. इथे पाणी न घालता पातळ झालं, गिळायलाही आणि नळीलाही. फार भाजलेलं पीठ वापरलंत तर काही होणार नाही, तो रस जळून गेलेला असतो.

---

निसर्गोपासक
ताई साखर आणि दूध सांगतायत, कमाल आहे! साखर हे कॅन्सरचं खाद्य आहे हे आता शाळकरी पोरालाही माहीत आहे. साखर, मैदा, दूध आजपासून बंद करा. सकाळी गव्हांकुराचा रस, गुळवेल काढा, लक्ष्मणफळाच्या पानांचं पाणी. पेशी उपाशी मरतील.

---

आहारवाली
पेशी नाही, बाबा उपाशी मरतील.

अर्धी गोष्ट खरी आहे म्हणून उत्तर देते. कॅन्सरच्या पेशी साखर भराभर ओढतात हे ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. कॅन्सर शोधायचा पेट (PET) स्कॅन त्याच गुणावर चालतो, साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ टोचतात आणि जिथे जास्त ओढला जातो तिथे चमकतं. पण तुम्ही चहातली साखर काढलीत म्हणून रक्तातली साखर शून्य होत नाही. ती शरीर होऊच देत नाही. यकृत स्नायू मोडून साखर बनवतं. म्हणजे गाठीला मिळायचं ते मिळतं आणि दंड बारीक होतो. मधुमेह असेल तर गोष्ट निराळी, केमोसोबत दिलेल्या स्टेरॉइडने साखर चढते, तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने बेत बदलतात.

गुळवेलीबद्दल: २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. केमो चालू असताना यकृतावर आणखी ओझं कशाला? आणि कच्च्या गव्हांकुराचा रस पांढऱ्या पेशी घसरलेल्या माणसाला? जंतुसंसर्ग व्हायचा. फळ द्यायचं तर धुऊन, सोलून, ताजं.

---

निसर्गोपासक
तुमच्या ॲलोपॅथीने किती वाचले ते सांगा आधी.

---

प्रशासक
हा वाद दुसऱ्या धाग्यावर घ्या. इथे सायली यांना मदत हवी आहे. तसंच औषधांचे डोस कुणी सुचवू नयेत.

---

कडक_भाकरी
नळीवर मी बोलू शकतो. माझ्या दाजींना सात आठवडे होती. जिभेचा होता. आम्ही सोलापूरकडचे, उपचार मुंबईला, मुक्काम दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत. तिथे एक गोष्ट आपोआप झाली. आजूबाजूला दहा जणांच्या नाकात नळ्या. कुणी पेपर वाचतोय, कुणी जिन्यावर बसून फोनवर शेताच्या पाण्यावरून भांडतोय. दाजी पण आधी नाही म्हणत होते. तिसऱ्या दिवशी एका अकोल्याच्या माणसाला विचारलं, "दुखतं का?" तो म्हणाला, "घालताना डोळ्यात पाणी येतं, मग सवय होते. आपल्याला रोज गिळायची मारामारी होती, ती सुटली." संपला विषय. सायलीताई, बाबांना नळीवाला चालता-फिरता माणूस दाखवा. शेकाच्या रांगेत एखादा भेटेल. तुमच्या सांगण्याने होणार नाही.

आता कामाचं. माणूस बसलेला पाहिजे, किंवा पाठीला उशा लावून निम्मा उठवलेला. अन्न घातल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर उलटून छातीत जाईल. नाकाशी नळीवर पेनाने खूण करायची आणि प्रत्येक वेळी आधी ती बघायची. खूण बाहेर सरकली असली तर काही घालायचं नाही, सिस्टरला विचारायचं. आधी सिरिंजभर कोमट पाणी, मग अन्न, मग परत पाणी. दट्ट्या दाबायचा नाही. सिरिंज नळीला लावून उंच धरायची, आपोआप उतरू द्यायचं. आम्ही दर दोन तासांनी दोनशे मिली घालायचो, सकाळी सहा ते रात्री दहा. गाळणीने नाही, मलमलच्या फडक्याने गाळायचं. नाचणीचा एक कोंडा अडकला की खेळ खल्लास.

माझी चूक सांगतो. एका रविवारी सगळ्या गोळ्या एकत्र कुटल्या आणि एकदम घातल्या. नळी बंद. मी घाबरून छत्रीची तार शोधत होतो, खरंच. वॉर्डातल्या सिस्टरला फोन लावला तर त्या बाई असल्या ओरडल्या! "तार घालाल तर नळी फोडून घशात भोक पाडाल." कोमट पाणी घालून हळू आत-बाहेर, आत-बाहेर, वीस मिनिटं. सुटली. तेव्हापासून एक गोळी, मग पाणी, मग दुसरी गोळी. आणि कुठली गोळी कुटायची नाही तेही विचारून घ्या, काही कुटायच्या नसतातच.

शेवटचं. नळी आहे म्हणून तोंड बंद ठेवू देऊ नका. दिवसातून पाच-सहा वेळा घोट-घोट पाणी गिळायला लावा, डॉक्टर हो म्हणाले तर. दाजींनी मधे तीन आठवडे आळस केला आणि नळी काढल्यावर गिळायचं पुन्हा शिकावं लागलं. जबड्याचा व्यायाम तसाच. आईस्क्रीमच्या चपट्या काड्या दातांत एकावर एक रचायच्या, दर आठवड्याला एक वाढवायची. दाजी बारावर आहेत आता. बटाटावडा जातो, पण फोडून.

---

ओपीडी_नंतर
कॅन्सरच्या वॉर्डात काम करतो, आत्ता घरी जाताना लोकलमध्ये टाइप करतोय, टायपो पोटात घाला.

आहारवालींचा हिशोब बरोबर आहे, पण सायली, उद्यापासून एकदम सोळाशे कॅलरी घालू नका. हे फार कमी लोकांना माहीत असतं. दोन-तीन आठवडे जवळजवळ उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम धाडकन खाली येतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेली उपाशी माणसं भरपेट अन्न मिळाल्यावर दगावली, तो हाच प्रकार. याला रीफीडिंग म्हणतात. बाबा सध्या किलोमागे दहा कॅलरींवर आहेत. तिथूनच सुरू करायचं, चार ते सात दिवसांत चढवत न्यायचं, आणि त्याआधी रक्त तपासायचं. साप्ताहिक केमो सिस्प्लॅटिन असेल (गालाला बहुधा तेच असतं) तर त्याने मॅग्नेशियम आधीच उतरलेलं असतं. सिस्प्लॅटिन किडनीलाही लागतं, म्हणून पाणी कमी पडता कामा नये. थायामिन, म्हणजे बी-१, आधी देतात. टीमला आठवण करा, "रीफीडिंगचा धोका आहे का?" एवढा प्रश्न पुरे.

दुसरं, सलाईन. रोज कुणीतरी हात धरून म्हणतं, "डॉक्टर, एक सलाईन लावा, अंगात ताकद येईल." ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण ८५ कॅलरी. एक पोळी. साध्या सलाईनमध्ये तर शून्य. पाणी कमी पडलं असेल तर ती हवीच, पण ते जेवण नव्हे. आतडं चालू असेल तर अन्न आतड्यातूनच गेलं पाहिजे.

आणि एक फरक सांगतो, कारण धागा इतरही वाचणार. सायलीच्या बाबांचं वजन घसा सोलवटल्यामुळे उतरतंय. अन्न पोचवलं की ते थांबतं. पण स्वादुपिंड, जठर, फुप्फुस यांच्या कॅन्सरमध्ये गाठ आणि शरीराची तिच्याशी चाललेली झटापट यांतून असे पदार्थ सुटतात की भूक मरते आणि नीट खाल्लं तरी स्नायू झडतात. त्याला कॅकेक्सिया म्हणतात. सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त घटणं ही त्याची २०११ साली ठरलेली खूण, आणि व्याख्येतच लिहिलंय की नुसत्या आहाराने तो पुरता उलटत नाही. तिथे घरचे स्वतःला दोष देतात, "आमचंच चुकलं." चुकलेलं नसतं. आपल्याकडे पुद्दुचेरीच्या जिपमर या सरकारी वैद्यकीय संस्थेत १२४ रुग्णांवर अभ्यास झाला, २०२३ मध्ये आला. ओलान्झापिन हे मनोविकारांतलं जुनं, स्वस्त औषध, अगदी कमी मात्रेत. ते मिळालेल्यांपैकी ६० टक्के लोकांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं, न मिळालेल्यांत ९ टक्के. ते रुग्ण जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाचे होते. गालाच्या दुखण्यावर ते औषध नव्हे, आणि मेडिकलमधून परस्पर आणायचं तर मुळीच नाही. पण ज्यांच्या घरी भूकच मेली आहे त्यांनी डॉक्टरांकडे विषय काढावा.

कुर्ला आलं. उतरतो.

---

कोकणी_काका
माझं जठर २०१९ साली काढलं, पूर्ण. मी हा. अजून आहे.

पहिल्या वर्षी वीस किलो गेलो. सगळे म्हणायचे गोड खा, अंगाला लागेल. चुलतभावाकडे सत्यनारायण होता, द्रोणभर शिरा खाल्ला. पंधरा मिनिटांत घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधार. भटजी आरती सोडून माझ्याकडे बघत राहिले. जठर नसलं की गोड थेट आतड्यात धपकन उतरतं, त्याने असं होतं. आता गोड नाही, जेवताना पाणी नाही, दिवसातून सात-आठ वेळा मूठ-मूठ. अंडं, मासळी, भाजके शेंगदाणे. बी-१२ चं इंजेक्शन जन्मभर. त्यामुळे वरचा दूध-साखरेचा पेला सायलीताईंच्या वडिलांना अमृत, पण जठर काढलेल्या कुणी घेऊ नये.

प्रसाद मात्र नाकारत नाही. कणभर.

---

नील_एडिसन
मी न्यू जर्सीत, आई नाशिकला. स्तनाचा कॅन्सर, केमो गेल्या वर्षी संपली. तिचं वजन उलट चार किलोने वाढलं. व्हिडिओ कॉलवर चेहरा भरलेला दिसायचा, मी म्हणायचो छान दिसतेस. दिवाळीला गेलो तेव्हा देवासमोर पूजेला पाटावर बसली आणि उठता येईना. भिंतीला हात, मग माझ्या खांद्याला हात. मांड्यांत काही उरलंच नव्हतं, वर चरबी होती म्हणून कळलं नाही. आहारतज्ज्ञांनी खुर्चीतून हात न टेकता उठायचा व्यायाम दिला, दिवसातून तीनदा, आणि प्रत्येक जेवणात डाळ, अंडं किंवा पनीर. "नुसतं प्रोटीन खाऊन काही होत नाही, स्नायूला काम द्या," म्हणाल्या. काट्यावरचा आकडा वाढतोय म्हणून निवांत राहू नका, एवढंच.

---

फुलराणी
लिहू की नको असा विचार करत होते. सायली, हे तुझ्या बाबांसाठी नाही. पण असे धागे लोक शोधत येतात, म्हणून.

आईचा कॅन्सर यकृतात पसरलेला होता. शेवटचा महिना. मी प्रोटीन मोजत होते, दर दोन तासांचा गजर लावलेला, घास भरवत होते. ती नाही म्हणायची नाही. एकदा तोंड पुसताना लक्षात आलं, सकाळी दहाचा मऊभात दुपारी एकला तिच्या गालात तसाच होता. माझ्यासाठी धरून ठेवला होता.

घरी येणाऱ्या पॅलिएटिव्हच्या (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या) सिस्टर म्हणाल्या, "आता त्यांना भूक लागत नाही. तुम्हाला लागते." मी त्या दिवशी त्यांच्यावर फार चिडले. रात्री गजर बंद केला. मग ओठ ओले करायचे, कापसाने. बर्फाचा खडा. एकदा तिने स्वतःहून आमरस मागितला, चमचाभर चाटला आणि म्हणाली, "पायरीचा आहे."

---

ममता१९७२
फुलराणी 🙏

---

खवय्या_नाशिक
वाचलं. काही लिहीत नाही.

---

सायली_पुणे
रविवार, संध्याकाळी ६.१५

सगळ्यांचे आभार मानत बसले तर पान भरेल. जे झालं ते सांगते.

मंगळवारी आहारवालींची आणि डॉक्टरांची पोस्ट प्रिंट काढून नेली. जाळीचं विचारलं. टेक्निशियनने बोट घालून पाहिलं, गालाशी खरंच ढिली होती. बुधवारी नवीन जाळी आणि पुन्हा स्कॅन, एक दिवस शेक बुडाला. वजन सगळ्या कागदांवर दुरुस्त केलं. रक्तात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी निघालं, ते भरून काढलं, बी-१ दिलं. इथल्या आहारतज्ज्ञ बाई शेजारच्याच इमारतीत बसतात. आठवड्यातले तीन दिवस. चार आठवड्यांत आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

नळी. कडक_भाकरी, तुमचा उपाय लागू पडला, जरा वेगळ्या तऱ्हेने. रांगेत एक रिक्षावाले काका बसतात, नाकात नळी, वर चिकटपट्टी, तिच्यावर त्यांच्या नातवाने बॉलपेनने मिशी काढलेली. बाबा तीन दिवस त्यांच्याकडे बघत होते. गुरुवारी त्यांनीच काकांना विचारलं, "रिक्षा चालवता?" काका म्हणाले, "सकाळची शाळेची भाडी मारूनच येतो." शुक्रवारी नळी घातली. बाबांची एकच अट होती, चहा तोंडाने. डॉक्टरांनी कोमट, दोन चमचे, बसून, एवढ्यावर परवानगी दिली. ते दोन चमचे प्यायला त्यांना सात मिनिटं लागतात आणि त्या वेळात कुणी बोललेलं चालत नाही.

सध्या नऊशे कॅलरींपर्यंत आलोय, बुधवारपर्यंत पूर्ण होईल असं आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. आज सकाळी ५३.२. अजून उतरलंच आहे, पण आठवड्यात तीनशे ग्रॅम, दीड किलो नाही.

आईने वरण तळापासून ढवळायला सुरुवात केली आहे. येत्या एकादशीचं काय, हे अजून ठरलेलं नाही. तिचं म्हणणं, नळीतून गेलेलं उपासाला मोडत नाही, कारण जिभेला लागलेलं नसतं. बाबा विचार करतायत.

आता एक प्रश्न. नाचणीला मोड आणलेत, छान आलेत. पण इथे आठ दिवस ऊन नाही, नुसती पिरपिर. पंख्याखाली वाळवली तर चालेल का? वास येईल का?

---

आहारवाली
सुती पंचावर अगदी पातळ पसरा, पंखा पूर्ण, दर तीन-चार तासांनी हात फिरवा. दोन दिवस. मग लोखंडी कढईत अगदी मंद आचेवर, हाताला गरम लागेल एवढंच, रंग बदलू द्यायचा नाही. आंबूस वास आला किंवा मोडांवर करडं दिसलं तर सगळं फेकून द्या, नाचणी स्वस्त आहे.

---

सायली_पुणे
पंचा बाबांचाच घेतलाय. लावते पंखा.